सवलत दिली, हिशेब राहिला: फिलिपिन्स आणि त्याचे शेजारी

१९९३ साली जागतिक बँकेने पूर्व आशियाच्या वेगवान आर्थिक वाढीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जपान, दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग, सिंगापूर, मलेशिया, थायलंड आणि इंडोनेशिया अशा आठ अर्थव्यवस्था निवडल्या होत्या. नकाशा उघडून पाहिला तर या आठांच्या घेऱ्यात मधोमध फिलिपिन्सची बेटे दिसतात, आणि यादीत नेमका तोच देश नव्हता. आशियाई विकास बँकेचे मुख्यालय १९६६ पासून याच देशाच्या राजधानीत, मनिलात आहे. याच देशातल्या लोस बान्योस येथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली, आणि तिने १९६६ साली शेतकऱ्यांच्या हाती दिलेल्या ‘आयआर ८’ या वाणाने भारतासह अनेक देशांच्या भातशेतीचे रूप पालटले. १९६० च्या सुमारास फिलिपिन्सचे दरडोई उत्पन्न दक्षिण कोरिया आणि थायलंड या दोघांहून जास्त होते. इंग्रजी जाणणारा मोठा वर्ग होता, अमेरिकेची बाजारपेठ खुली होती आणि पन्नासच्या दशकात कारखानदारीही चांगली वाढली होती. एवढे सगळे हाताशी असताना शेजारच्या भरभराटीत त्याला वाटा का मिळाला नाही?

विकसनशील देशाने आपल्या परिसराच्या वाढीपासून काय शिकावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण सहसा यशस्वी देशांकडेच पाहतो, त्यांनी जे जे केले त्याची नोंद करतो आणि त्यालाच धडा म्हणतो. ही पद्धत मला अपुरी वाटते. ज्या देशाने साधारण तेच उपाय केले आणि तरीही ज्याची वाढ खुंटली, त्याला शेजाऱ्यांच्या बाजूला ठेवून पाहिल्याशिवाय खरे कारण कोणते आणि योगायोग कोणता हे कळत नाही. आयातीवर जकात, उद्योगांना स्वस्त कर्ज, परकीय चलनाचे वाटप, निर्यात प्रक्रिया क्षेत्रे, मोटारी देशातच बनवण्याची योजना, पोलादाचा कारखाना, यांपैकी जवळजवळ प्रत्येक गोष्ट फिलिपिन्सनेही केली. फरक पडला तो सवलत घेणाऱ्याकडून ठरलेल्या मुदतीत मोजता येईल असे काही मागितले गेले की नाही, आणि ते न मिळाल्यास सवलत परत घेण्याचे बळ सरकारच्या अंगी होते की नाही, या ठिकाणी. माझे म्हणणे एवढेच आहे. मात्र ते बळ कोठून येते, हे पाहिल्याशिवाय या म्हणण्याला अर्थ नाही.

त्याआधी एक फार पसरलेला समज बाजूला करायला हवा. दक्षिण कोरियात पार्क चुंग-ही, तैवानात च्यांग कै-शेक, सिंगापूरमध्ये ली क्वान यू, इंडोनेशियात सुहार्तो ही नावे ओळीने घेऊन, गरीब देशाला खमका हुकूमशहाच वर काढू शकतो, असा निष्कर्ष काढला जातो. आपल्याकडेही तो अधूनमधून ऐकू येतो. फिलिपिन्सचा अनुभव याच्या थेट विरुद्ध आहे. फर्डिनंड मार्कोस १९६५ साली निवडून आले, सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी लष्करी कायदा पुकारला आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये मनिलाच्या रस्त्यांवर लोटलेल्या जनतेने त्यांना देश सोडायला लावला. म्हणजे जवळपास चौदा वर्षे त्यांच्या हाती अनिर्बंध सत्ता होती. त्या सत्तेखाली देशाचे परकीय कर्ज सुमारे २६ अब्ज डॉलरवर गेले, ऑक्टोबर १९८३ मध्ये कर्जफेड थांबवण्याची वेळ आली, आणि १९८४ व १९८५ या दोन्ही वर्षी राष्ट्रीय उत्पन्न सुमारे सात-सात टक्क्यांनी घसरले. ही घसरण होत असताना शेजारी देश प्रगतीच्या पायऱ्या चढत होते. कर्ज कोरियानेही काढले होते, किंबहुना त्या काळात त्याचे परकीय कर्ज फिलिपिन्सहून बरेच मोठे होते. पण १९८५ साली कोरियाची निर्यात ३० अब्ज डॉलरच्या घरात होती आणि फिलिपिन्सची पाच अब्जांहून कमी. कोरियाचे कर्ज फिटेल असा सावकारांचा भरवसा होता, कारण ते ज्या कारखान्यांत गुंतले होते त्यांचा माल जगाच्या बाजारात विकला जात होता.

आता जमिनीकडे वळू. माझ्या मते या परिसराच्या वाढीतला सर्वांत मोलाचा आणि आज सर्वांत कमी बोलला जाणारा भाग हाच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अमेरिकी ताब्याच्या काळात कुळांना जमिनी मिळाल्या. कोरियात १९४९ च्या कायद्याने तीन हेक्टरची कमाल मर्यादा घातली आणि १९५० पासून वाटप सुरू झाले. तैवानात १९४९ मध्ये कुळाने द्यायचा खंड पिकाच्या साडेसदतीस टक्क्यांवर आणला गेला, मग सरकारी जमिनी विकल्या गेल्या आणि १९५३ मध्ये ‘कसेल त्याची जमीन’ हा कायदा झाला. तैवानी जमीनदारांना मोबदल्याचा मोठा भाग रोख्यांत आणि उरलेला सिमेंट, कागद अशा सरकारी कंपन्यांच्या समभागांत देण्यात आला. जमीनदारी संपली आणि तिची किंमत म्हणून दिलेला पैसा कारखानदारीत राहिला, इतकी साधी आणि दूरदृष्टीची ही तजवीज होती. याचे तीन परिणाम एकमेकांत गुंतून झाले. कुळ मालक झाल्यावर त्याने चार गुंठ्यांतही जीव ओतून पीक काढले, त्यामुळे अन्नधान्य वाढले आणि परकीय चलन वाचले. शेतकऱ्याच्या हाती पैसा आल्याने सायकली, कापड, पंप यांना देशातच गिऱ्हाईक मिळाले. आणि तिसरे, जे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सहसा तळटिपेत जाते, ते म्हणजे सरकारला अडवू शकणारा जमीनदारवर्गच उरला नाही.

फिलिपिन्समध्येही हे घडू शकले असते. जपानच्या जमीन सुधारणेत काम केलेले रॉबर्ट हार्डी हे अमेरिकी अधिकारी मनिलात आले आणि १९५२ साली त्यांनी कूळपद्धती मोडून काढण्याची स्पष्ट शिफारस करणारा अहवाल दिला. तेथील जमीनदार राजकारण्यांनी त्यांच्यावर कम्युनिस्ट विचारांचा शिक्का मारला आणि अहवाल बासनात गेला. पुढे १९५५ साली राष्ट्राध्यक्ष रामोन मागसायसाय यांच्या काळात जो कायदा संमत झाला त्यात एका व्यक्तीच्या सलग जमिनीची मर्यादा ३०० हेक्टर होती. कोरियात तीन आणि इथे तीनशे, या दोन आकड्यांत पुढच्या पन्नास वर्षांचा बराच इतिहास सामावला आहे. मार्कोस यांनी १९७२ मध्ये काढलेला हुकूम फक्त भात आणि मक्याच्या जमिनींपुरता होता. लोकशाही परतल्यावर १९८८ च्या व्यापक कायद्याने मर्यादा पाच हेक्टरवर आणली, पण जमिनीऐवजी कंपनीचे समभाग कुळांना देण्याची पळवाट ठेवली. राष्ट्राध्यक्ष कोराझोन आक्विनो यांच्याच माहेरच्या घराण्याच्या, सहा हजारांहून अधिक हेक्टरांच्या आसिएंदा लुइसिता या ऊसमळ्याने १९८९ मध्ये त्या पळवाटेचा उपयोग केला. नोव्हेंबर २००४ मध्ये तेथे संपावर असलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन सात जणांचे प्राण गेले, आणि जमीन वाटण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम आदेश यायला २०१२ उजाडले. जे काम कोरिया आणि तैवानने काही वर्षांत उरकले ते फिलिपिन्समध्ये तीन पिढ्या चालले आणि अजून संपलेले नाही.

उसाचा विषय निघाला आहे तर मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे, कारण या पिकाची भाषा आपल्याला कळते. नेग्रोस बेटावरचा ऊस हा मोठ्या मळेवाल्यांचा. तोडणीला पानाय बेटावरून दर हंगामात मजुरांच्या टोळ्या येतात, त्यांना तिथे ‘सकादा’ म्हणतात. बीडहून निघणारे कोयते ज्याने पाहिले आहेत त्याला त्यांच्या जगण्याची कल्पना यायला वेळ लागणार नाही. आपल्याकडे १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी लहान शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कारखाना काढला आणि त्यातून गावोगावी एक नवा वर्ग उभा राहिला. त्या सहकाराला पुढे सरकारी थकहमीचे आणि न फिटणाऱ्या कर्जाचे दुखणे जडले हेही तितकेच खरे, पण उसाच्या पैशाने शाळा, दवाखाने आणि दुधाचे संघ उभे राहिलेले आपण पाहिले. नेग्रोसमध्ये तसे झाले नाही. तिथल्या साखरेला अमेरिकेत ठरावीक कोटा आणि जागतिक भावाहून चढी किंमत मिळत असे. १९४६ च्या आणि नंतर १९५५ च्या व्यापारकरारांनी ती सोय टिकवली. १९७४ मध्ये ती संपली. दरम्यानच्या काळात मळेवाल्यांना ना एकरी उतारा वाढवण्याची गरज पडली, ना गिरण्या सुधारण्याची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जागतिक भाव कोसळले तेव्हा मळे पडीक राहिले आणि १९८५ च्या सुमारास नेग्रोसमध्ये हजारो मजुरांच्या मुलांची उपासमार झाली.

निर्यातीतून वाढ होते, हे वाक्य या परिसराचा धडा म्हणून हजार वेळा सांगितले जाते, आणि नेग्रोसची साखर ही निर्यातच होती. ज्या निर्यातीत गिऱ्हाईक आधीच बांधलेले आहे, भाव आधीच ठरलेला आहे आणि माल वाईट निघाला तरी विकला जाणार आहे, ती निर्यात उत्पादकाला काही शिकवत नाही. तैवानही जपानी राजवटीत उसाचाच प्रदेश होता आणि पन्नासच्या दशकात साखर हीच त्याची मोठी निर्यात होती. पण साठच्या दशकात तेथील छोट्या शेतकऱ्यांनी डबाबंद अळंबी आणि शतावरीच्या कोंबांची निर्यात जगात पुढच्या रांगेत नेऊन ठेवली, आणि त्या डब्यांच्या मागोमाग हलके उद्योग आले. परक्या मुलखातल्या अनोळखी खरेदीदाराने माल नाकारण्याची शक्यता रोज समोर असणे, हे निर्यातीचे खरे काम आहे.

कोरियाने उद्योगपतींशी नेमका हाच व्यवहार केला. १९६१ च्या लष्करी उठावानंतर पार्क यांच्या सरकारने अनेक बड्या व्यापाऱ्यांना बेकायदा संपत्तीच्या आरोपावरून ताब्यात घेतले आणि देशाला हवे ते कारखाने उभारण्याच्या अटीवर मोकळे केले. बँका सरकारजमा झाल्या, म्हणजे कर्जाची चावी सरकारच्या हाती आली. साठच्या दशकाच्या मध्यापासून दर महिन्याला खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत निर्यातीचा आढावा घेतला जाई, आणि ज्याच्या मालाला परदेशातून मागणी आली त्याला स्वस्त कर्ज मिळे. १९६४ मध्ये १० कोटी डॉलर असलेली निर्यात १९७० मध्ये एक अब्जावर आणि १९७७ मध्ये दहा अब्जांवर गेली. निर्यातीचा आकडा सहसा खोटा सांगता येत नाही, कारण तो जकातघरात आणि परदेशी खरेदीदाराच्या पैशात दिसतो. म्हणून कोणाला पोसायचे आणि कोणाला सोडायचे हे ठरवायला अधिकाऱ्याला खास शहाणपणाची गरज पडत नव्हती. या शिस्तीची दुसरी बाजू विसरता येणार नाही. त्याच कारखान्यांतल्या मुलींना सोळा-सोळा तास राबवले जात होते, संघटनेचा हक्क दडपला जात होता, आणि नोव्हेंबर १९७० मध्ये सेऊलमधील जोन ते-इल या तरुण शिंप्याने त्या अन्यायाविरुद्ध स्वतःला पेटवून घेतले. मालकाला लावलेली शिस्त आणि मजुरावर लादलेली दडपशाही या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीने कोरिया वर आला असे मी मानतो. दुसरीची गरज होती असे म्हणणाऱ्यांनी पुरावा दिला पाहिजे.

फिलिपिन्समध्ये मोटारींची योजना १९७३ मध्ये सुरू झाली. लहानशा बाजारपेठेसाठी पाच कंपन्यांना परवाने दिले गेले आणि सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशात बनवण्याचे उद्दिष्ट ठरले. कोरियाच्या ह्युंदाईची ‘पोनी’ १९७५ मध्ये तयार होऊ लागली आणि १९७६ मध्ये इक्वेडोरला पाठवली गेली, तेव्हा ती काही उत्तम मोटार नव्हती, पण ती परक्या रस्त्यावर धावली आणि तिचे दोष परत कारखान्यात आले. फिलिपिन्समधल्या मोटारी घरच्याच बाजारात जकातीच्या भिंतीआड विकल्या गेल्या आणि ऐंशीच्या दशकातल्या संकटात फोर्डने १९८४ साली गाशा गुंडाळला. पोलादाची कथा तशीच: मिंडानाओतल्या इलिगानचा कारखाना खासगी हातांतून सरकारकडे, सरकारकडून पुन्हा खासगी हातांत असा फिरत १९९९ मध्ये बंद पडला. आणि नारळाची कथा याहून क्लेशदायक आहे. १९७३ पासून सुमारे दशकभर लाखो लहान नारळ उत्पादकांकडून खोबऱ्याच्या विक्रीवर एक पट्टी वसूल केली गेली. शेतकऱ्यांच्या कल्याणासाठी म्हणून घेतलेल्या त्या पैशातून मार्कोस यांच्या निकटच्या लोकांनी बँक चालवली आणि देशातल्या एका बड्या कंपनीचे समभाग मिळवले. त्यांतले मोठे समभाग सरकारच्या ताब्यात, तेही शेतकऱ्यांसाठीच, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१२ मध्ये आला आणि त्या निधीचा विनियोग ठरवणारा कायदा २०२१ मध्ये झाला. पट्टी भरणाऱ्यांपैकी किती जण तोवर हयात होते, हा विचार मनाला टोचतो.

डॉलर उतरवण्यासाठी बड्या देशांनी सप्टेंबर १९८५ मध्ये केलेल्या प्लाझा करारानंतर जपानी येन महाग होत गेला आणि जपानी कंपन्या आपले कारखाने घेऊन आग्नेय आशियात उतरल्या, ही त्या परिसराच्या इतिहासातली मोठी भरती होती. थायलंडने पूर्व किनाऱ्यावर बंदर आणि औद्योगिक पट्टा तयार ठेवला, लाएम चाबांगचे बंदर १९९१ मध्ये सुरू झाले, आणि त्याच पट्ट्यात आज वर्षाला दहा लाखांहून अधिक वाहने बनवणारा उद्योग उभा आहे. फिलिपिन्सला ही भरती साधता आली नाही. हुकूमशाही नुकतीच गेली होती, डिसेंबर १९८९ च्या मोठ्या बंडासह लष्करी उठावांचे प्रयत्न एकामागून एक होत होते, आणि १९९२-९३ मध्ये मनिलात दिवसाला आठ-आठ, दहा-दहा तास वीज नसे. बाताआन येथे दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्चून बांधलेल्या अणुवीज प्रकल्पातून एक युनिटही वीज निघाली नाही, त्याचे कर्ज मात्र देश फेडत राहिला. बंदर आणि वीज या दोन गोष्टी आधी तयार असल्या तरच बाहेरून आलेली संधी दारात थांबते, एवढे या प्रसंगातून घ्यायला हरकत नाही.

या सगळ्याला जुनी गोष्ट म्हणून बाजूला ठेवता आले असते, जर शेजारी व्हिएतनाम नसता. १९८६ मध्ये ‘दोई मोई’ म्हणजे नूतनीकरणाचे धोरण जाहीर झाले तेव्हा तो देश युद्धाने आणि सामूहिक शेतीने खंगलेला होता आणि तांदूळ बाहेरून आणत होता. एप्रिल १९८८ मध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने ठराव करून जमीन कसण्याचा हक्क कुटुंबांकडे दिला आणि १९८९ मध्ये व्हिएतनाम दहा लाख टनांहून अधिक तांदूळ निर्यात करणारा देश झाला. लोस बान्योसचे ‘आयआर ८’ हे वाण त्याआधीच दक्षिण व्हिएतनामात पोहोचले होते. त्याच्या उत्पन्नातून होंडाची दुचाकी घेता येते म्हणून शेतकरी त्याला ‘होंडा भात’ म्हणत. आज फिलिपिन्स हा जगातल्या सर्वांत मोठ्या तांदूळ आयातदारांपैकी एक आहे आणि त्याचा मुख्य पुरवठादार व्हिएतनाम आहे. बियाणे ज्याच्या अंगणात तयार झाले त्याला तांदूळ विकत घ्यावा लागतो, कारण पाटाचे पाणी, जमिनीची मालकी, गोदाम आणि रस्ता या गोष्टी बियाण्याबरोबर येत नाहीत.

कारखान्यांबाबतही हेच दिसते. इंटेल ही कंपनी १९७४ पासून फिलिपिन्समध्ये होती. २००९ मध्ये तिने तेथील शेवटचा कारखाना बंद केला आणि २०१० मध्ये हो चि मिन्ह शहरात आपला मोठा कारखाना उघडला. सॅमसंगने २००९ पासून बाक निन्ह प्रांतात मोबाइल बनवायला सुरुवात केली. २००१ चा अमेरिकेशी व्यापारकरार आणि २००७ मधले जागतिक व्यापार संघटनेचे सदस्यत्व यांच्या मुदती डोळ्यांपुढे ठेवून व्हिएतनामने आपले कायदे एकेक करून बदलले. २०२३ मध्ये त्याची वस्तूंची निर्यात ३५० अब्ज डॉलरहून अधिक होती, फिलिपिन्सची ७५ अब्जांच्या आत. २०२० च्या आसपास दरडोई उत्पन्नातही व्हिएतनाम पुढे गेला. तरीही व्हिएतनामला आदर्श मानायला माझे मन धजत नाही. त्याच्या निर्यातीतला सुमारे सत्तर टक्के वाटा परदेशी कंपन्यांचा आहे, सुटे भाग पुरवणारे देशी कारखाने अजून थोडे आहेत, आणि सवलती देताना त्यानेही परदेशी कंपनीकडून तंत्र शिकवण्याची अट क्वचितच घातली आहे. फिलिपिन्सच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा आहे, आणि त्यातही देशात भर पडते ती मुख्यतः जुळणी आणि तपासणीची. म्हणजे हा आजार दोघांनाही आहे, फक्त व्हिएतनाम त्याचा इलाज करायला अधिक वेळ आणि अधिक रोजगार मिळवून बसला आहे.

मग आज फिलिपिन्सने, किंवा त्याच्यासारख्या कोणत्याही देशाने, काय करावे? कोरियाची साधने जशीच्या तशी उचलता येत नाहीत, हे आधी मान्य करायला हवे. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार दरडोई उत्पन्न एका मर्यादेपुढे गेलेल्या देशाला निर्यातीशी थेट बांधलेले अनुदान देता येत नाही आणि देशी सुटे भाग वापरण्याची सक्तीही करता येत नाही. जमिनीचे वाटपही तेव्हा ज्या परिस्थितीत झाले ती पुन्हा येणारी नाही: जपानवर परकी सत्ता होती, चीनच्या मुख्य भूमीवरून तैवानात आलेल्या सरकारच्या लोकांची तिथे जमीनच नव्हती, आणि कोरियाच्या उत्तरेला कम्युनिस्टांनी आधीच जमिनी वाटल्या होत्या. लोकशाहीत निवडून येणाऱ्या जमीनदारांकडून स्वतःची जमीन काढून घेण्याची अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. तरी जे हाती आहे ते थोडे नाही. १९८८ नंतर ज्यांना जमिनी मिळाल्या त्यांतल्या अनेकांकडे सामूहिक सनद आहे, स्वतःच्या नावाचा उतारा नाही. त्या सनदा फोडून वैयक्तिक नोंदी करण्याचे काम २०२० पासून हाती घेतले गेले आहे, आणि २०२३ च्या कायद्याने सहा लाखांहून अधिक लाभार्थ्यांचे सुमारे ५७ अब्ज पेसोंचे जमिनीचे कर्ज माफ झाले. नावावर उतारा आला की बँकेत पत येते, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. मात्र त्या उताऱ्यामागोमाग पाणी, कृषी सहायक आणि खरेदी केंद्र गेले नाही, तर ती जमीन पुन्हा पडेल भावात खंडाने मोठ्या मळ्यांकडे जाईल.

माणसांवरच्या खर्चात फिलिपिन्स मागे पडला, याचे मला विशेष वाईट वाटते, कारण सुरुवातीची आघाडी त्याचीच होती. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणीत तेथील पंधरा वर्षांची मुले वाचनात ७९ देश-प्रदेशांत सर्वांत तळाला होती. व्हिएतनामच्या मुलांनी २०१२ मध्ये गणितात श्रीमंत देशांची सरासरी ओलांडली होती. पाच वर्षांखालच्या फिलिपिनो मुलांपैकी सुमारे चारात एक मूल वयाच्या मानाने खुजे आहे, आणि अशा मुलाकडून दहावीत काय अपेक्षा करणार? १९६० मध्ये थायलंड आणि फिलिपिन्स यांची लोकसंख्या साधारण सारखीच, पावणेतीन कोटींच्या आसपास होती. आज थायलंडची सुमारे सात कोटी आणि फिलिपिन्सची अकरा कोटींच्या वर आहे. कुटुंबनियोजनाची साधने सरकारने पुरवावीत असे सांगणारा कायदा चर्चच्या विरोधामुळे रखडत रखडत २०१२ मध्ये संमत झाला. या दिरंगाईची किंमत गरीब बायांनी मोजली. दुसरीकडे परदेशी गेलेल्या कामगारांनी २०२३ मध्ये ३३ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम घरी पाठवली, आणि दूरध्वनीवरून परदेशी ग्राहकांना सेवा देणाऱ्या कंपन्यांत पंधरा लाखांहून अधिक तरुण काम करतात. पुण्यातल्या तरुणांशी त्यांची थेट स्पर्धा आहे. या दोन्ही आधारांनी देश तगला आहे, पण परदेशातून येणारा पैसा रुपयाप्रमाणेच पेसोलाही वर उचलतो, घरच्या मालाला महाग करतो, आणि सरकारवरचा सुधारणेचा दबावही कमी करतो, हे लक्षात ठेवले पाहिजे.

सवलतींचा प्रश्न तेथे आज पुन्हा नव्याने उभा आहे. १९९५ पासूनच्या आर्थिक क्षेत्रांच्या कायद्यानुसार कंपन्यांना काही वर्षे करमाफी आणि त्यानंतर एकूण उत्पन्नावर पाच टक्के, बाकी कोणताही कर नाही, अशी सोय होती आणि तिला शेवटची तारीखच नव्हती. २०१५ च्या कायद्याने कोणाला किती सवलत गेली याची नोंद ठेवणे बंधनकारक केले. २०२१ मध्ये कंपन्यांवरील कर ३० वरून २५ टक्क्यांवर आणतानाच सवलतींना मुदत घातली गेली आणि त्या कामगिरीशी जोडल्या गेल्या. मला हे त्या देशातल्या गेल्या अनेक दशकांतले सर्वांत महत्त्वाचे आर्थिक पाऊल वाटते. तीनच वर्षांनी, २०२४ मध्ये, दुरुस्ती होऊन ती मुदत काही उद्योगांसाठी २७ वर्षांपर्यंत वाढवली गेली. व्हिएतनाम आणि थायलंडशी स्पर्धा करायची तर हे करावेच लागते, असे तिच्या समर्थकांचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य नाही असे नाही. विजेचा दर परिसरातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी असताना गुंतवणूकदाराला काहीतरी द्यावे लागणारच. पण सत्तावीस वर्षे म्हणजे चार-पाच राष्ट्राध्यक्षांची कारकीर्द. एवढ्या काळात कामगिरी मोजणारा अधिकारी, त्याला नेमणारा मंत्री आणि सवलत घेणारी कंपनी हे सगळे बदललेले असतील. म्हणून किमान एवढे तरी मागायला हवे की प्रत्येक कंपनीने किती कर वाचवला, त्या बदल्यात किती माणसे कामाला लावली, किती सुटे भाग देशात घेतले आणि किती माल बाहेर विकला, ही चार माहितीची कलमे कंपनीच्या नावानिशी दर वर्षी जाहीर व्हावीत, आणि पाचव्या वर्षी अट न पाळणाऱ्याची सवलत थांबवण्याचा आदेश मंत्र्याच्या सहीशिवाय आपोआप निघावा. पार्क यांनी जे काम भीतीच्या बळावर केले ते लोकशाहीत असे उघड्या खातेवहीच्या बळावर करता येईल का, याची परीक्षा मनिलात होणार आहे, आणि २०२१ च्या कायद्याखाली मंजूर झालेल्या सुरुवातीच्या करमाफ्यांची मुदत याच काही वर्षांत संपते आहे.